भावोजींची शपथ सुटली त्याची हकिगत

आदरणीय ताई,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात आणि सूनबाई अजून रडते का, ते आधी कळव. इकडे आम्ही मजेत आहोत. मजेत म्हणजे तुझे यजमान अजून आमच्याकडेच आहेत.

भावोजी माणूस सोन्यासारखा, पण सोनं तिजोरीत ठेवतात गं, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात नाही. आमच्याकडे भांड्यांचे आजवर दोनच प्रकार होते, घासलेली आणि घासायची. आता मटण आणि दूध एकमेकांना लागलं की धर्म बुडतो, म्हणून मटणाच्या भांड्यांना लाल दोरा, दुधाच्यांना पांढरा, आणि ज्यांचं पूर्वचरित्र संशयास्पद ती गॅलरीत नजरकैदेत. पालेभाजी ते भिंग घेऊन निवडतात. (परवा एक किडा सापडला. इतका आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. मी हजर होतो.) शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत, दिवा लावायचा नाही, कुणाला लाव म्हणायचंही नाही. मग शेजारीणबाई आल्या की हे भिंतीला सांगतात, "अंधार बराच आहे आज." त्या आपल्या यहुदी धर्माच्या नाहीत, त्यांनी स्वतःला दिसावं म्हणून बटण दाबलं तर चालतं. मी दाबलं की भावोजी डोळे मिटून बसतात. म्हणजे माझ्याच घरात मी कामाला येण्याइतका परका नाही आणि भरवसा ठेवण्याइतका आपलाही नाही.

तरी त्यांचा जीव इथे नाही. हिने चहा दिला की आधी कपाकडे बघतात आणि म्हणतात, "तुझी ताई कप आधी गरम पाण्याने विसळते." (ही आता कप त्यांच्या हातात देत नाही, समोर आपटते.) दाराशी चप्पल वाजली की मान वर. मी म्हटलं, मग जा ना घरी. तर म्हणाले, "कसा जाऊ? शपथ घेतलीय." सूनबाईने मटणाच्या चमच्याने दूध ढवळलं आणि त्या रागात 'या घरात पुन्हा पाणी पिणार नाही' असं हे बोलून बसले, ते तुझ्यासमोरच. त्या चमच्याचं रब्बींनी तेव्हाच सांगितलं होतं, उकळत्या पाण्यात बुडवा आणि विसरा. चमचा सुटला, भावोजी अडकले.

शेवटी मीच रब्बींकडे गेलो. ते म्हणाले, त्यात काय, तीन पंच बसवू, पस्तावा असेल तर शपथ सोडवता येते, धर्मशास्त्रातच आहे. भावोजींना ही पळवाट वाटली. सवलती घेतल्या की माणूस सैल होतो, म्हणाले, आणि उदाहरण म्हणून माझ्याकडे बघितलं. पण दुसऱ्या दिवशी दाढी करून तयार. पंच कोण, तर एक रब्बी, दुसरे घड्याळजी (ते कामावरून उठत नाहीत, म्हणून बैठक त्यांच्याच दुकानात), आणि तिसरा कुणी मिळेना म्हणून मी. भावोजींनी रब्बींना बाजूला घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजले, "हा चालतो?"

"नातेवाईक चालतो."

"नातेवाईक म्हणून नाही विचारत मी."

"कळलं मला. चालवून घ्या."

तर आम्ही तिघे स्टुलांवर, भावोजी समोर उभे, आणि भिंतीवर जितकी घड्याळं तितक्या वेळा, म्हणजे पंचमंडळाला शोभेल असाच देखावा. पद्धत अशी की पंचांनी विचारायचं, अमुक आधी ठाऊक असतं तर शपथ घेतली असती का? रब्बींनी विचारलं, सून इतकी रडेल हे ठाऊक असतं तर? "तरी घेतली असती." घड्याळजींनी विचारलं, लोक हसतील हे ठाऊक असतं तर? "तरी घेतली असती." मग माझी पाळी. मी म्हटलं, "ताई तुम्हाला खरंच जाऊ देईल, हे ठाऊक असतं तर?"

भावोजी घड्याळांकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, ती जिन्यापर्यंत तरी येईल."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. रब्बी म्हणाले, झालं. 'मोकळा आहेस' असं तीनदा म्हणायचं असतं. ते आम्ही तिघांनी म्हटलं.

तब्येतीला जप. सूनबाईला सांग, चमच्यावर कुणाचा राग नाही.

तुझा,
सैल भाऊ

ता. क. ट्रंक बांधून दाराशी ठेवलीय, पण बोलावल्याशिवाय हे हलणार नाहीत. हा नियम शास्त्रातला नाही, घरचा आहे. निरोप नको पाठवूस, स्वतः ये. गुडघ्यांसाठी रिक्षा कर.

आणखी एक. शब्बाथला लिहिणं वर्ज्य, आणि हे पत्र मी शब्बाथच्या दुपारी, भावोजी आत घोरत असताना लिहितोय. त्यांना वार सांगू नकोस. कळलं तर पंच बाद, शपथ पुन्हा जिवंत, आणि जन्मभर तुम्हा दोघांना पाणी प्यायला आमच्याकडे यावं लागेल.