चालून दाखवा

गुरुजी,

मला बिबट्याने पाडलं. तुमच्या वेळी हा प्राणी डोंगरात असायचा आणि आपली त्याची गाठ फक्त पाठ्यपुस्तकात पडायची. आता धरणाचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसात तो राहायला आला. राजुरीहून परतताना संध्याकाळी त्याने बांधावरून मोटारसायकलवर झेप घेतली. पंजा पोटरीला लागला, गाडी माझ्या उजव्या खुब्यावर पडली आणि तो आला तसा उसात निघून गेला. शाळेतली पोरं भेटायला आली, तेव्हा त्यातला एक म्हणाला, "सर, तुमी त्याला संस्कृतची रूपं म्हणायला लावली आसतील, म्हणून पळाला." मला हसू आलं, आणि हसलं की खुब्यात कळ येते हे त्याच दिवशी समजलं.

पोटरी पंधरा दिवसांत भरून आली. खुबा दोन वर्षं झाली तरी दुखतोच आहे. फोटो काढले, त्यात काही दिसत नाही. हाड जागेवर आहे, सांधा जागेवर आहे, फक्त मी जागेवरून उठू शकत नाही. तेही रोज नाही. ओतूरच्या बाजाराला निदान वार ठरलेला असतो, याला तोही नाही. आठ दिवस पायजमा घालताना डोळ्यांत पाणी येतं आणि नवव्या दिवशी काही झालंच नव्हतं अशी सकाळ उजाडते. तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही. तुम्ही तर हे वीस वर्षं अंगावर काढलंत आणि किती दुखतं ते आम्हाला कळू दिलं नाहीत.

मी तीन शाळांत तासावर संस्कृत शिकवायचो. गाडी सुटली तशा दोन शाळा सुटल्या. बिबट्याने जखमी केलेल्या माणसाला वनखात्याकडून भरपाई मिळते, आणि कायमचं अपंगत्व आलं असेल तर जास्त मिळते. त्यासाठी सरकारी डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरने चालून दाखवायला सांगायचं, आपण चालायचं आणि त्यावर सगळं ठरायचं. माझी तारीख एका बुधवारची आली. त्या बुधवारी सकाळी उठलो आणि दुखत नव्हतं. खात्री करायला जिना दोनदा चढून उतरलो. एरवी जिची वाट पाहायचो ती सकाळ नेमकी त्या दिवशी आली, आणि मी तिच्यावर चिडलो.

दवाखान्याच्या फाटकापाशीच लंगडायला लागलो. तसं कर म्हणून कुणी शिकवलं नव्हतं. ओळीत माझ्या पुढे लोणीची एक बाई होती. गवत कापताना बिबट्याने तिचा खांदा धरला होता. डावा हात तिला छातीच्या वर नेता येत नव्हता आणि पदराखालून मानेपर्यंत व्रण आला होता. तिने माझ्या पायाकडे पाहिलं.

"सर, तुमी व्हा पुढं."

"नको नको, तुमचा नंबर आधी आहे."

"आवं, माझा हात गेलाय, पाय चांगलं हाईत. तुमाला उभं ऱ्हावंना. व्हा म्हणते ना!"

आपल्याकडे कुणी काही देऊ केलं तर तीनदा नको म्हणायची रीत आहे. मी एकदाच म्हणालो.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने फोटो उजेडात धरले, खुबा दाबून पाहिला आणि म्हणाली, "चालून दाखवा." मी भिंतीपर्यंत गेलो, वळलो, परत आलो. तिने पुन्हा एकदा चालायला लावलं. तिची नजर माझ्या पावलांवर होती. मग खुर्चीत मागे टेकून ती म्हणाली, "नाटक करणारे दुखऱ्या पायावर जोर देऊन चालतात, सर. आम्हाला लगेच कळतं. तुमचं खरं आहे." आणि ती लिहायला लागली.

ती लिहीत होती आणि मी आठवीच्या वर्गात उभा होतो. मधली सुट्टी आहे. फळ्यापासून माठापर्यंत मी तुमचं चालणं करून दाखवतोय आणि वर्ग हसून लोळतोय. शाळेची कौलं शाकारताना तुम्ही पडलात हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. भरपाई मागायचं तुमच्या मनातही आलं नाही. आलं असतं तरी अर्जातले ऱ्हस्व-दीर्घ तपासता तपासता तुम्ही निवृत्त झाला असतात. तर हसणं एकदम थांबतं आणि मला कळतं, तुम्ही दारात आहात. तुमच्या हातात छडी नाही. श्लोक म्हणताना कुणी भलत्या जागी थांबलं की म्हणायचात तसंच तुम्ही म्हणता, "चुकलं. दुखऱ्या पायावर माणूस रेंगाळत नाही. तो टेकतो न टेकतो तोच उचलतो, आणि वेळ काढतो धडधाकट पायावर. तू उलटं करतोयस. परत." मी परत करतो. "खांदे इतके हलत नाहीत. परत." तिसऱ्या खेपेला जमतं. "हां. आता बैस," एवढंच म्हणून तुम्ही खडू उचलता. वर्गात कुणी हसत नाही. तुम्ही मारलं असतंत तर मी संध्याकाळपर्यंत विसरलो असतो.

दाखला तुमच्या त्या धड्यावर मिळाला, गुरुजी. दुखणं खरं आहे, खोटा फक्त तो बुधवार होता, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण "आज दुखत नाही, काल उभं राहता येत नव्हतं" एवढं त्या मुलीला सांगता आलं असतं. कदाचित तिने मानलंही असतं. मी ते तिच्यावर सोडलं नाही.

बाहेर आलो तर शिपाई सांगत होता की डॉक्टरांना बाळंतपणासाठी आत बोलावलंय, उरलेल्यांनी पुढच्या बुधवारी या. उरलेली ती एकटीच होती. म्हणजे तिचा एक खाडा माझ्यामुळे. "येते की," ती शिपायाला म्हणाली, "बिबट्या थांबला न्हाई, तुमी तरी कशापायी थांबाल!" मग माझ्याकडे वळून, "झालं का तुमचं? लई ब्येस झालं. द्या ती पिशवी हिकडं." स्टँडपर्यंत आमची वाट एकच होती. तिच्या चांगल्या हातात माझी पिशवी आणि शेजारी मी, तुम्ही शिकवलं तसा, एकही पाऊल न चुकवता. गाडीत बसवून तिने विचारलं, "बरं हाय ना, सर?" मी नुसती मान हलवली.

दाखला मी अर्जाला जोडला. अर्ज गेला आहे. गल्लीत वनखात्यातला एक कारकून राहतो, म्हणून दूध आणायलाही आता काठी घेऊन निघतो. काठीचा टेकू कुठल्या हाताने घ्यायचा ते तुम्ही शिकवलं नव्हतंत, ते मी मोबाइलवर पाहिलं. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही. पोचणार असतं तर लिहिलंच नसतं.

त्याच्या पुढच्या बुधवारी दवाखान्यात जायचं मी ठरवलं होतं. त्या बाईचा नंबर लागेपर्यंत तिच्यासोबत थांबायचं, मग आत जाऊन डॉक्टरला खरं काय ते सांगायचं. कपडेसुद्धा काढून ठेवले होते. पण त्या सकाळी खुबा असा दुखायला लागला, की कूस बदलता येईना. अगदी खराखुरा दुखला, गुरुजी. आणि तसाच पडल्या पडल्या मला फार बरं वाटलं.