सैल पकड आणि आईची निळी बशी

मनीषनगर, नागपूर
सोमवार

प्रिय जिजामावशी,

तुला वाकून नमस्कार. भिवापूरची मिरची वाळली का? आणि मावसाजींचा ठसका थांबला का? (फोनच केला असता, पण मी कोणाशी बोलले की बाबा कान देऊन बसतात.) मी बरी आहे, म्हणजे एका जागी बसवत नाही इतकी बरी.

काल भैयाजींनी (बाबांचे ते मित्र, ज्यांना कोणाचंही लग्न राहिलेलं बघवत नाही) मला बघायला मंडळी आणली. नेमका तेव्हाच माझा सिरॅमिकचा तुकडा प्रयोगशाळेच्या भट्टीत थंड होत होता. आधीचे सगळे काचेसारखे फुटलेले. हाही फुटला तर सर विषय बदलायला लावणार होते. माझं चित्त तिकडे, आणि मुलाच्या आईनं विचारलं, "तू करते काय वं नेमकं?"

"सिरॅमिकमध्ये बारीक धागे घालतो. त्यांची पकड थोडी सैल ठेवायची, हे माझं काम."

"सैल काहून?"

"घट्ट धरलं की तडा सरळ सगळ्यातून जाते अन् खेळ खतम. जरा सैल असलं की तडा धाग्यापाशी वळते, धागे सरकतात, वस्तू टिकते. फार सैल बी नाही चालत."

बाईंनी मुलाकडे पाहिलं. बाबा उगाच खोकले. नीट समजावं म्हणून मी आईची निळी बशी वाकवून दाखवायला गेले (वाकत नाही, हेच दाखवायचं होतं). दोन तुकडे झाले, त्यातला एक भैयाजींच्या चहात. मंडळी 'कळवतो' म्हणून उठली. मुलगा, रोशन, तेवढा बूट घालताना वळून वळून तुकड्यांकडे बघत होता.

मी साडीतच प्रयोगशाळा गाठली. तुकडा मशीनवर ठेवून भार वाढवत नेला. कट्कन आवाज आला आणि मी डोळे मिटले. उघडून बघते तर तुकडा वाकलेला, पण एकसंध! तडा वळला होता, धागे दाढीच्या खुंटांसारखे बाहेर आलेले. मी अशी ओरडले की चौकीदार काठी घेऊन धावत आला. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "बशी फोडली अन् वरून पेढे मागून राहिली?"

तुझी भिरभिरलेली,
नूपुर

ता. क. : आज रोशनचा फोन आला. "तडा वळते कसा, मले पाहाचं आहे," म्हणाला. रविवारी येतो आहे. त्या दिवशी बाबांना तुझ्याकडे बोलावून घे. पंप बिघडला म्हण.

आणखी एक : मला त्याच्यात काडीचाही रस नाही. तुझ्याकडे राहिलेली माझी पिवळी ओढणी मात्र शनिवारच्या एसटीनं नक्की पाठव.