निळ्या चाकावरचा एक थर

मी, हाइन कॉर्नेलिस फरडोंक, वय शहात्तर, पूर्वीचा धंदा तेरहोर्स्ट सायकल संघाचा मिस्त्री, राहणार रोझेन्डालजवळ कालव्याकाठी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांच्या मते तेवढे एकच ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, दारू घेतलेली नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे बायकोच्या नावे होते, आणि ती माझ्याआधी गेली.

कलम १. माझी सर्व हत्यारे भाची लिस्बेट हिला. ती स्टेशनजवळच्या दुकानात सायकली दुरुस्त करते. पान्याने हातोडीचे काम करू नये, एवढेच सांगणे. ती करते. मी पाहिले आहे.

कलम २. एव्हर्ट लाखरवे, संघाचे तेव्हाचे व्यवस्थापक, यांना माझ्याकडून काही नाही. १९८९ साली नेलेली माझी शिडी त्यांनी ठेवून घ्यावी. तिची वरची पायरी कुजलेली आहे. हे त्यांना कोणी मुद्दाम जाऊन सांगू नये.

कलम ३. संघाच्या नऊ जर्सी आणि फोटोंचा खोका गावच्या सायकल क्लबला. खोक्यात काय आहे ते सांगतो, नाहीतर फेकून देतील. १९८३ साली खिडक्यांचे कारखानदार तेरहोर्स्टसाहेब यांनी आठ खेळाडू, एक जुनी व्हॅन आणि मी, एवढ्यावर संघ काढला. पहिली तीन वर्षे आम्हाला कुत्रे विचारीत नव्हते. खेळाडू आमच्या स्वयंपाकघरात वाटाण्याचे घट्ट सूप ओरपायचे आणि बायको त्यांच्या चड्ड्या वाळत घालायची. चौथ्या वर्षी रूलोफ टिमर आला आणि त्याने बेल्जियममधली मोठी शर्यत मारली. मग बस आली, पगारी स्वयंपाकी आला, बेकरीवाल्याने संघाच्या नावाचा केक काढला. नऊ वर्षांत एकवीस मोठ्या शर्यती जिंकल्या. दहाव्या वर्षी रूलोफ पडला आणि त्याच हिवाळ्यात सगळे आटोपले. व्हॅन एका मासेवाल्याने घेतली. दारावरचे नाव त्याने खरवडले होते, तरी पावसात भिजले की वाचता येई. मी बाजारात उभा राहून वाचत असे. काही वाटत नसे.

कलम ४. राहते घर, तळघर व मागचे अंगण रूलोफ टिमर याला. तो माझा नातेवाईक नाही. लोक विचारतील, म्हणून कारण लिहितो.

शर्यतीचा टायर तेव्हा चाकाला गोंदाने चिकटवीत. आमची रीत अशी: टायर दोन वर्षे तळघरात फळीवर मुरू द्यायचा, मग गोंदाचे तीन थर, प्रत्येक थर दिवसभर वाळवायचा. यात मी कधी कसूर केली नव्हती. १९९२ च्या मे महिन्यात साहेबांनी कारखान्याचा आणि त्याबरोबर संघाचा रंग बदलून निळा केला. निळी चाके आणि निळे टायर गुरुवारी दुपारी येऊन पडले. शर्यत शनिवारी, आर्देनच्या डोंगरात. साहेबांचे जर्मन पाहुणे बघायला यायचे होते.

मी एव्हर्टला म्हणालो, "तीन थर होणार नाहीत. जुनी चाकं लावू."

"तू टायर चिकटवतोस का चीज मुरवतोस रे? पाहुण्यांना निळं दिसलं पाहिजे. एक थर दे आणि गप्प बस."

मी एक थर दिला आणि गप्प बसलो. नाही म्हणता आले असते. माझ्या सहीशिवाय चाक सायकलवर चढत नसे. मी सही केली.

उतारावर वळणाआधी रूलोफने ब्रेक दाबला, चाकाची कड तापली, गोंद सुटला आणि पुढचा टायर निघून आला. रूलोफ दगडी भिंतीवर आदळला. पहिला मी पोचलो, आणि आधी त्याच्याकडे नाही, चाकाकडे पाहिले. टायरच्या कापडाने गोंद धरलाच नव्हता. मी चाक गाडीत घालून वर ताडपत्री टाकली. पंचांना सांगितले की भिंतीवर आदळल्यामुळे टायर निघाला. संध्याकाळी मला भूक लागली. दोन पाव खाल्ले. हेही लिहून ठेवतो.

रूलोफचा डावा गुडघा कायमचा ताठला. एव्हर्टने वर्तमानपत्रांना सांगितले की पोराला जिंकायची हाव सुटली, ब्रेक लावायला उशीर केला. साहेब म्हणाले, असल्या बेफिकीर माणसांच्या पाठीवर मला माझे नाव नको, आणि संघ मोडला. रूलोफला ब्रेक लावल्याचे आठवत होते. पण वीस जण उलट सांगू लागल्यावर त्याने ते बोलणे सोडले.

तेव्हापासून तो बोटींसाठी कालव्यावरचा पूल उघडतो आणि बंद करतो. सत्तावीस वर्षे दर बुधवारी माझ्याकडे कॉफीला येतो आणि उठताना म्हणतो, "हाइनकाका, माझ्या घाईपायी तुम्हा सगळ्यांच्या पोटावर पाय आला. मनात ठेवू नका." मी म्हणतो, "जाऊ दे." मला माझी लाज वाटते. बुधवारी वाटते, गुरुवारपर्यंत ओसरते.

कलम ५. माझे दहन करावे. भाषण एव्हर्टने करू नये. आलेल्यांना कॉफीबरोबर

येथे लिखाण थांबले होते. आज बुधवार आहे हे माझ्या ध्यानात राहिले नाही. रूलोफ मागच्या दाराने आला आणि टेबलावरच्या कागदात त्याला स्वतःचे नाव दिसले. हा कागद बंद पाकिटात नोटरीबाईंकडे जायचा होता आणि मी मेल्यावर उघडायचा होता. तसे मुद्दाम ठरवले होते. कागद झाकता आला असता. झाकला नाही.

त्याने उभ्याने वाचले. मग बसून पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"चाक आहे अजून?"

"तळघरात. ताडपत्रीतच."

तो एकेक पायरी करत खाली गेला. बराच वेळ आला नाही. वर आला तो माझ्या समोरच बसला.

"मी दर बुधवारी माफी मागत होतो, काका. आणि तुम्ही कॉफी ओतत होता."

"हो."

"साखर किती घालू, म्हणून विचारत होता."

"हो."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते.

"घर नको मला," तो म्हणाला.

"मग काय देऊ?"

"याला साक्षीदार लागतात ना?"

"दोन. पण ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही."

"म्हणूनच सांगतोय. घर काढा, मला साक्षीदार करा. आणि पाकीटबिकीट काही नको. एक नक्कल उद्या क्लबच्या फळ्यावर लागली पाहिजे. तुम्ही जिवंत असताना."

मी बरे म्हणालो.

कलम ६. कलम ४ मधील घर, तळघर व अंगण आता भाची लिस्बेट हिला. कलमातले कारण मात्र खोडू नये, असे रूलोफचे म्हणणे. खोडलेले नाही. चाक त्याने मागितले, ते आजच दिले.

वर लिहिले ते मी लिहिले आहे आणि ते तसेच घडले आहे.

स्थळ: रोझेन्डालजवळ, माझे स्वयंपाकघर
दिनांक: १३ नोव्हेंबर २०१९

सही: हाइन कॉर्नेलिस फरडोंक

साक्षीदार १: फेम्के ओस्टरलिंग, शेजारीण. फरडोंक यांनी माझ्यासमोर सही केली. मजकूर मी वाचलेला नाही, उद्या क्लबात वाचेन.

साक्षीदार २: रूलोफ टिमर, पूलचालक. मजकूर वाचला. चाक पाहिले. ब्रेक मी वेळेवर लावला होता.