जकातदाराचे हातमोजे

प्रिय जिली,

हे पत्र कुरिअरवाला तुझ्या हातात देईल तेव्हा शुक्रवार असेल. सही करून घे आणि वाचल्याशिवाय बाजूला ठेवू नकोस. हे फोनवर सांगणं मला जमलं नसतं. परवा तू किती आनंदात म्हणालीस, "आई, बाबांनी मला शोधून काढलं गं! रविवारी टोलीडोला जातेय, त्यांच्याकडे जेवायला," आणि त्यावर मी काय म्हणाले, तर "जाड स्वेटर ने, तिकडे बर्फ असेल." फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले ती उठताच येईना.   

मला भीती वाटतेय, जिली. तू तिकडे जाऊ नयेस असं मला वाटतं. पण नुसतं "जाऊ नकोस" म्हटलं तर तू दुप्पट हट्टाने जाशील, कारण शेवटी तू माझीच मुलगी. म्हणून जरा लांबून सुरुवात करते. आमच्या स्टुडिओच्या कार्टून सिनेमातल्या त्या जकातदारापासून करते, कारण त्याच्याबद्दल बोलणं मला सोपं जातं.

नोव्हेंबरात आपण दोघी सिनेमा बघून बाहेर आलो तेव्हा तू माझी चांगलीच खेचली होतीस. "आई, तुझा जकातदार पहिली वीस मिनिटं जीव घेतो आणि मग सर्कशीतला विदूषक होतो. चार वर्षं यासाठी घासलीस?" मी हसले. मग गाडीत बसता बसता तू सहज म्हणालीस, "पण तो हातमोजे काढतो ना, तेव्हा माझा पॉपकॉर्नचा हात थांबला. का कोण जाणे." मी गाडी सुरू केली आणि तुला जेवायला कुठे जायचं ते विचारलं. त्या दिवशीच बोलायला हवं होतं.

तुझं म्हणणं बरोबर होतं म्हणा. जकातदाराचं आम्ही वाटोळंच केलं. मूळ कथेत तो घाटातल्या नाक्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडून जकात घेणारा साधा, सभ्य माणूस होता. आवाज कधी चढवायचा नाही. त्याला घर होतं, बायको होती, सहा वर्षांची मुलगी होती. आमचा दिग्दर्शक हॉलिस मला म्हणाला होता, "नॅडीन, या माणसाची भीती वाटायला हवी, पण त्याने ओरडता कामा नये. कसं ते तू बघ." तू बघ म्हणणं सोपं असतं. मी दोन महिने बघत होते आणि कागदावर नुसता मिशीवाला मामा उतरत होता.

आमच्या प्रत्येकाच्या टेबलावर एक आरसा असतो, तू लहानपणी त्यात जीभ काढून बघायचीस. पात्राला राग आणायचा तर आधी आपण तोंड वेडंवाकडं करायचं, आरशात बघायचं आणि मग काढायचं. दिवसभर तीस-चाळीस शहाणीसुरती माणसं आरशात बघून दात विचकत बसलेली असतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. एक दिवस दुपारी मी हॉलिसचे गाडी चालवायचे हातमोजे मागून आणले, घातले आणि ते काढून बघायला लागले. एकेक बोट सोडवत, सावकाश, जणू आपल्याला कसलीच घाई नाही. मग एकावर एक ठेवले आणि टेबलाच्या कडेला समांतर येईपर्यंत बोटाने हळूच सरकवले. वर आरशात पाहिलं तर चेहरा माझा होता आणि त्यावरचं ते हलकं, समजूतदार हसू वेंडलचं होतं. तुझ्या बाबांचं. मी आरशावर जाकीट टाकलं आणि बाथरूममध्ये जाऊन ओकले. मग परत येऊन ते सगळं कागदावर काढलं. एका बैठकीत, खाडाखोड न करता.

वेंडल हातमोजे घालायचा नाही, तो काचेच्या कारखान्यात देखरेखीवर होता. त्याचं होतं घड्याळ. जेवताना मधेच पट्टा सोडवायचा, ताटाशेजारी ठेवायचा, टेबलाच्या कडेशी नीट जुळवायचा आणि अगदी मऊ आवाजात विचारायचा, "नॅडीन, आज बटाटे कुणी केलेत?" शेजारच्या बाया मला म्हणायच्या, नशीबवान आहेस, आमच्या नवऱ्यांची बोंब तीन घरं पलीकडे ऐकू जाते. आपलेच दात आपलेच ओठ, कुणाला काय सांगणार? आणि काय म्हणून सांगणार, की माझा नवरा घड्याळ काढून ठेवतो?

आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की मोठी हालचाल दाखवायची तर तिच्याआधी एक छोटी, उलटी हालचाल दाखवायची. उडी मारणारा आधी खाली बसतो, ठोसा मारणारा हात आधी मागे नेतो. त्या छोट्या हालचालीला आपण चाहूल म्हणू. चाहूल चुकली तर बघणाऱ्याला घाव लागत नाही. हे मला शिकवलं स्टुडिओतल्या सगळ्यात जुन्या चित्रकाराने, म्हाताऱ्या एडसेलने, पण खरं सांगायचं तर ते मी त्याच्या आधी टोलीडोच्या स्वयंपाकघरात शिकून आले होते.

जकातदाराच्या घरचा जेवणाचा प्रसंग मी स्वतः रचला होता. मुलीच्या हातून सूप सांडतं. तो हातमोजे काढतो, ठेवतो, जुळवतो. मग आपल्याला फक्त बायको दिसते, तिचा चमचा हवेत थांबलेला. बस्स, एवढंच. कच्च्या रेखाटनांचा तो तुकडा एडसेलने बघितला आणि तोंडातला पाइप बाजूला काढला. मग म्हणाला, "हा माणूस तू कुठे पाहिलास ते मला सांगू नकोस. आता तो लांब राहतो ना, तेवढं सांग." मी म्हटलं, दोन हजार मैल. "मग ठीक आहे," म्हणाला आणि त्याच्या टेबलाकडे गेला. हा एवढाच माणूस, ज्याला निम्मं तरी कळलं असेल.

मग सिनेमाचा चाचणी खेळ झाला. शंभर-दीडशे पोरं आईबापांसकट. जेवणाच्या प्रसंगाला थिएटरात कुणी खुर्चीतसुद्धा हललं नाही. तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली, पोराला उचललं आणि बाहेर गेली, परत आलीच नाही. खेळानंतरच्या चिठ्ठ्यांवर आईबापांनी लिहिलं, "फार अंगावर येतं," "घरातलं असलं दाखवू नका." निर्माता हॉलिसला म्हणाला, "अरे, खलनायकाची बाहुली विकायचीय मला. बाहुलीबरोबर बायको-पोरगी कोण घेणार?" झालं. बायको गेली, मुलगी गेली, जेवणाचं टेबल गेलं. त्याऐवजी जकातदाराला एक गाणं मिळालं आणि खांद्यावर बसणारं जाडं पाणमांजर मिळालं. शेवटी जकातदार धबधब्यावरून पडून मेला. आमच्याकडचे खलनायक नेहमी उंचावरूनच पडतात, म्हणजे नायकाला हात लावावा लागत नाही आणि पोरांना शांत झोप लागते.

हातमोज्यांची हालचाल तेवढी राहिली. नाक्यावरच्या प्रसंगात मी ती पुन्हा वापरली होती आणि तो भाग रंगवून झाला होता. म्हणजे चाहूल राहिली आणि घाव गेला. टीकाकारांनी लिहिलं की इतका चांगला खलनायक वाया घालवला. पण पोरं विसरली नाहीत त्याला. त्यांना ते पाणमांजर आठवत नाही, गाणं आठवत नाही, शाळेच्या मैदानावर ती हातमोजे काढून दाखवतात. पुढे काय होणार होतं ते त्यांना आम्ही सांगितलंच नाही, म्हणून ती अजून वाट बघतायत. मला याचा अभिमान वाटला, जिली. अठरा वर्षांच्या नोकरीत मी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते. आणि त्या अभिमानापायीच मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. नुसत्या माझ्या पायावर असता तर गोष्ट वेगळी होती.

डिसेंबरात वर्तमानपत्राची एक मुलगी मुलाखतीला आली. गोड होती, कौतुकाने विचारत होती. ही हातमोज्यांची लकब कुठून आणलीत? मी म्हटलं, एका जुन्या ओळखीच्या माणसाची. घरी कोण असतं? मी म्हटलं, मी एकटीच, मुलगी जिलियन शिकागोला नर्सिंग शिकते. तोंड आवरलंच नाही माझं. एकोणीस वर्षं मी माझं माहेरचं आडनाव लावते, तुलाही तेच लावलं, टेलिफोनच्या पुस्तकात कधी नाव घातलं नाही, आणि फुशारकीच्या पाच मिनिटांत सगळं ओतून मोकळी झाले. ओहायोत जन्मलेली चित्रकार म्हणून तिकडच्या, टोलीडोच्या वर्तमानपत्राने ती मुलाखत जशीच्या तशी छापली.

जकातदाराला पोरांची पत्रं येतात, त्यांची एक टोपली माझ्या टेबलाशेजारी असते. तीन आठवड्यांपूर्वी त्यात एक मोठ्या माणसाच्या अक्षरातलं पाकीट निघालं, टोलीडोचा शिक्का असलेलं. वर माझं लग्नानंतरचं नाव. आत तीन ओळी होत्या. "नॅडीन, हातमोजे हुबेहूब जमलेत. पुढचं का गाळलंस? मुलीला ते आठवतं का? वेंडल." मी ते पत्र खणात टाकलं, खणाला कुलूप लावलं आणि कुणाला काही बोलले नाही. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे माहीत असूनही झाकलं. तेव्हापासून मी घराच्या दाराला साखळी लावून खुर्ची टेकवते. स्टुडिओच्या तळघरात गाडी लावत नाही, रस्त्यावर लावते. बाजारात माझ्या पुढच्या माणसाने पैसे द्यायला मनगटावरची बाही वर केली तरी मी रांग सोडून बाहेर येते. आणि मग परवा तुझा फोन आला. तू म्हणालीस, "किती मऊ बोलतात गं ते. सारखं विचारत होते, तुला लहानपणीचं काय काय आठवतं?"

तो तुला आठवणीने व्याकूळ होऊन बोलावत नाहीये, जिली. त्याला बघायचंय तुला काय आठवतं ते. आणि तुला काही आठवत नाही, याचं कारण मी आहे. तुला मी सांगत आले की तो दुसऱ्या बाईबरोबर आपल्याला सोडून गेला. तो कुठेही गेला नव्हता. आपण पळालो. तो कामावर गेल्यावर एक सूटकेस आणि तू, तुझा हात प्लास्टरमध्ये, एवढं घेऊन मी बसमध्ये बसले. तुझा डावा हात कोपरात पुरता सरळ होत नाही, तो झोक्यावरून पडल्यामुळे, असं मी तुला आणि आजवरच्या प्रत्येक डॉक्टरला सांगितलं. आपल्या घरी झोका नव्हता. तुझ्या हातून दूध सांडलं होतं. मी सिंकपाशी भांडं घासत होते आणि मागे घड्याळाचा पट्टा सुटल्याचा आवाज मी ऐकला. टेबलाच्या कडेशी ते जुळवायला त्याला तीन सेकंद लागायचे. आमच्या हिशेबाने, सेकंदाला बारा धरून, छत्तीस चित्रं. तेवढ्या वेळात मी वळू शकले असते, तुला खुर्चीवरून उचलू शकले असते, मध्ये येऊ शकले असते. मी भांडं घासत राहिले. सिनेमातल्या त्या बायकोचा चमचा हवेत थांबलेला का, ते आता तुला कळलं असेल. तो प्रसंग कापला तेव्हा हॉलिसशी मी खूप भांडले आणि घरी आल्यावर सुटकेने रडले. हे सगळं तुला वेंडलच्या टेबलावर, त्याच्या तोंडून कळू नये म्हणून हे पत्र लिहिलं. शनिवारी दुपारी दोनपर्यंत मी शिकागोला तुझ्या दारात असेन, तिकीट काढलंय. तुला माझा राग येईल आणि तो यायलाच हवा. तरी दार उघड.

तुझीच,
आई