घरातली डॉक्टरीण

वॉटरफोर्ड, आयर्लंड
१२ ऑक्टोबर २०२५

दादा, तुला वाकून नमस्कार.

“आपल्या घरातच डॉक्टरीण आहे, आता तालुक्याला कशाला जायचं?” आबा हे पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी आहारशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होते. आपण दोघं खूप हसलो होतो. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांतला फरक मी त्यांना तेव्हा सांगितला नाही, पुढेही नाही. ऐकायला बरं वाटायचं.

आम्ही सगळे ठीक आहोत. विनयच्या औषध कारखान्यातल्या पाळ्या बदलल्यात. निहारिका मराठीला इंग्रजीतच उत्तर देते, पण मामाच्या कांद्याचं काय झालं, हे तिने परवा आपणहून विचारलं.

वहिनी कशा आहेत? फोनवर विचारलं की तू “आहे बरी” म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून पत्र.

माझं काम तुला माहीत आहे. दर गुरुवारी इथल्या गुरांच्या बाजारात टेबल मांडते, शेतकऱ्यांचं बीपी मोजते, काय खावं ते सांगते. पॅट म्हणून एक आहेत, बासष्टीचे, शंभर गाई. सकाळी खारवलेलं डुकराचं मांस, दुपारी तेच पावात, संध्याकाळी बटाट्यांवर खारट लोणी. बीपी एकशे सत्तर, पण कसे आहात म्हटलं की “ग्रँड.” तुझ्या “बरंय”सारखंच. त्यांना मी हळूहळू ओट्स, मसूर, राजमा, कोबी यांवर आणलं. माझ्या गाईसुद्धा याहून चांगलं खातात, असं कुरकुरले, पण खाल्लं. डॉक्टरांची गोळी चालू होतीच. चार महिन्यांत आकडा खाली आला.

गेल्या गुरुवारी खुशीत येऊन म्हणाले, “तू सांगितलंस तसं केलं. पाला खातोय, गोळ्या टाकून दिल्या.”

मी तसं सांगितलं नव्हतं. तिथूनच मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. एवढं काय घाबरायचं, म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले.

दादा, आबांच्या पेटीत बीपीच्या गोळ्यांची न उघडलेली पाकिटं निघाली होती. वहिनी द्यायला विसरल्या असं तू धरून बसलास. तेराव्याला भावकीसमोर त्यांना म्हणालास, “सासऱ्याला एक गोळी देता आली नाही तुला?” त्या काही बोलल्या नाहीत. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. मीही बोलले नाही.

त्याआधी चार महिने मी आबांचा ठेचा, लोणचं, पापड बंद केले होते. रविवारचं मटणही. भाकरी बिनमिठाची, जोडीला मटकी, तांदुळजा, शेवग्याचा पाला. त्यांनी एक दिवस चुकवला नाही. मी पाठवलेल्या मशीनचा आकडा रोज कॅमेऱ्यासमोर धरायचे, शाळेतल्या मुलाने पाटी दाखवावी तसा. मी म्हणाले होते, असंच खाल्लंत तर गोळ्या कमी होतील. त्यांच्या डॉक्टरिणीने सांगितलं म्हटल्यावर त्यांनी त्या बंदच केल्या.

इथवर गैरसमज म्हणता येईल. पण वहिनींनी मला फोन केला होता. “आबा गोळी घेत नाहीत. तुम्ही बंद सांगितलीत म्हणतात. खरं का?” मी बाजाराच्या आवारात होते, पुढे माणसं थांबली होती. मी म्हटलं, “हो हो, आकडा चांगला आहे ना, बघू पुढच्या आठवड्यात.” नीट ऐकलंसुद्धा नव्हतं. पुढच्या आठवड्यात आबा कांद्याच्या वाफ्यात पडले.

वहिनींनी दोन वर्षांत माझं नाव घेतलं नाही. तुझ्यापाशी नाही, माझ्यापाशीही नाही. परवा त्यांनी पाठवलेलं मेतकूट पोचलं. डब्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलंय, ‘मीठ कमी घातलंय’. तो डबा मी अजून उघडलेला नाही.

तुझंही बीपी वाढलंय, हे त्यांच्याकडूनच कळलं. खाण्याचं पथ्य पाळ, आणि डॉक्टर सांगत नाहीत तोवर गोळीही सोडू नकोस. दोन्ही. एवढंच वाक्य मी आबांना नीट सांगायला हवं होतं.

आता मागणं. मार्गशीर्षात श्राद्धाला भावकी जमेल. त्या दिवशी वहिनींना शेजारी बसव आणि हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. त्यांना एकांतात सांगून भागणार नाही. बोल सगळ्यांसमोर लागला होता. तू म्हणशील, गेलेलं माणूस काही परत येत नाही, चार लोकांत बहिणीची शोभा कशाला? पत्राची घडी करून कपाटात ठेवशील. तुला ओळखते मी.

तरी वाच, दादा.

तुझी बहीण, डॉक्टरीण नसलेली,
स्वरूपा