मी न ठेवलेल्या गोष्टी

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आधी भांडण. तुझी अक्षरं हल्ली एवढी मोठी का? चार वाक्यांत पान संपतं आणि शेवटची ओळ तर डोंगर चढायला निघाल्यासारखी वर जाते. माझ्या वाचनालयात येणारी पहिलीतली मुलंसुद्धा याहून सरळ लिहितात, बरं का!

शाळा सुटली की मी अर्धा तास तिथेच बसते. रिकाम्या टेबलांवर ऊन येतं, पंखा फिरत असतो आणि मी फोनवर सेव्ह केलेले व्हिडिओ बघत राहते. गंमत अशी, की त्यात मी न ठेवलेल्या गोष्टी निघतात. कुणाचा तरी हात भिंतीवरून सावकाश सरकत जातो. एक बाई डोळे मिटून वेणी घालते. एक आजोबा न बघता सुईत दोरा ओवतात. एकजण स्वतःच्याच घरात पावलं मोजत चालतो. आवाज कशालाच फारसा नाही. बघता बघता गुंगी येते आणि वाटतं, मी झोपेत साठवते की काय?

दोन हजार पुस्तकं शिस्तीत उभी करणाऱ्या बाईचा फोन म्हणजे नुसता उकिरडा. म्हणून आठवडाभर कप्पे पाडत होते. पाणी, मांजरं, पुस्तकांची कपाटं, आणि ज्यांचा पत्ता लागेना त्यांच्यासाठी 'कोण जाणे'. तो शेवटचा कप्पा परवा सगळा काढून टाकला. थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण पसारा गेला.

माझ्या कोटाची काजं झाली का? लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राची वाट न बघताच लिहितेय, कारण काम अडलंय.

तू दिलेला फोन शहाणा झालाय. दीड वर्ष मी आवडेल त्यावर खूण करून ठेवत होते, पण वेळेला काही सापडेल तर शपथ. सगळं एकाच गाठोड्यात. गेल्या आठवड्यात उघडला, तर सगळं घड्या घालून लावलेलं! त्यात मी कधी न ठेवलेली मांजरंही आहेत. बिचारी झोपलेली असतात, मी हाकलत नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की इस्त्रीच्या टेबलाशी बसून बघते. आपल्यामागून कुणीतरी हलक्या पावलांनी घर आवरून जातंय असं वाटतं. आई गेल्यापासून असं कधी वाटलं नव्हतं.

पण आवरणाऱ्याने माझं बरंच काही हरवलं, त्यातल्या एकाची फार चुटपुट लागलीय. एक आजोबा आहेत, ते दोरा चिमटीत लपवतात आणि सुईचं नेढं त्यावर अलगद टेकवतात. बघावं लागत नाही. मला ते अर्धवटच जमलं होतं. दोन दिवस दुकान बंद ठेवून तेच शोधतेय. हसू नकोस. सहज गंमत म्हणून हवंय. तू लोकांना पुस्तकं शोधून देतेस, मला एवढे आजोबा शोधून दे.

जेवणाकडे लक्ष दे. आशीर्वाद नेहमीचेच, पण मनापासून.

तुझी,
ताई


१४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला शिक्का हातातच राहिला. आवरणारी मीच होते. तुला फोन चालू करून देताना मी घाईत माझंच खातं उघडून दिलं होतं. तुझं वेगळं नंतर काढू म्हटलं, ते राहूनच गेलं. दीड वर्ष आपण दोघी एकाच कपाटात कपडे ठेवतोय.

म्हणजे मांजरं माझी. आणि ती भिंत, ती वेणी, ती मोजलेली पावलं तुझी.

मग मी तुझी सगळी पत्रं काढून तारखेप्रमाणे लावली. अक्षर महिन्यामहिन्याला मोठं होत गेलंय, आणि मी त्याची चेष्टा करत बसले. ताई, मला फार लाज वाटते आणि तुझा रागही येतो. कधीपासून? मला का नाही सांगितलंस?

काढून टाकलेलं परत शोधायला मागे काही खूण उरत नाही. पाच दुपारी मी जगभरच्या सुया बघितल्या. काल आजोबा सापडले. 'ताई' नावाचा नवा कप्पा केलाय, त्यात पहिलेच तेच आहेत. जे जे काढून टाकलं ते आठवून आठवून त्यात परत ठेवतेय. डोळे मिटून सुई ओवायला मीही बसले होते. चौथ्यांदा जमलं. तोवर बोटाची चाळण झाली.

उत्तर दे, आणि खरं दे. एवढा लोभ कर.

तुझी,
भिंगरी


१९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आजोबा भेटले. बोटाला हळद लाव, वेडे.

गेल्या उन्हाळ्यापासून. डॉक्टर म्हणतात, अंधार कडांकडून आत येत जाईल, मधलं अजून काही महिने दिसेल. तुला सांगितलं असतं तर नोकरी सोडून धावत आली असतीस. तुला मी ओळखून आहे. म्हणून म्हटलं, आधी हात तयार करू, मग सांगू. भीती वाटत होती, पण ती टाके घालताना कमी व्हायची.

तुझ्या कोटाची काजं झाली. त्यातली दोन डोळे मिटून केलीत. कुठली ते ओळखून दाखव, नाही ओळखता आली तर माझं दुकान चालू राहणार असं समज.

खातं वेगळं करू नकोस. मांजरं राहू देत, त्यांना उजेड कमी असला तरी चालतो.

खूण करून ठेवता येईल ते सगळं मी ठेवलं. तुझा चेहरा तेवढा राहिलाय. तो फोनमध्ये नको, माझ्या खिडकीपाशी हवा, सकाळच्या उजेडात. सुट्टी काढ आणि ये.

वाट बघणारी, अजून बघू शकणारी,
ताई