न ओरडता जिंकलेला सामना

लिपनिक, सस्कॅचेवान
२५ ऑक्टोबर २०२०

तीर्थस्वरूप ओरेस्टदादास,

धाकट्या नेटीचा इथल्या गार वाऱ्यासकट वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? तिकडे समुद्राकाठी म्हणे लोक अजून अर्ध्या चड्डीत हिंडतात; इकडे काल वासरांच्या बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला. वहिनीचा खोकला साधाच निघाला हे वाचून जीव भांड्यात पडला, कारण हल्ली कुणी नुसतं खाकरलं तरी समोरचा माणूस रस्ता बदलतो. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. नुसते ठणठणीत नाही, विजयी आहोत, आणि तो विजय सविस्तर कळवावा म्हणून हे पत्र. (कॉफी घेऊन बस. वहिनीलाही बोलाव, म्हणजे मला दोनदा लिहायला नको.)

जूनपर्यंत करोना हा शहरातल्या लोकांचा आजार होता. मग जुलैत फेअरहोमला ते लग्न झालं. बँड होता, पोल्का होता, आणि पोल्का नाचताना कुणी दोन मीटरवरून हात धरत नाही. आठवडाभरात आसपासच्या चार गावांत माणसं अंथरुणाला खिळली. भर उन्हाळ्यात, पीक अजून हिरवं असताना, आमच्याकडे एकच चर्चा सुरू झाली, की यंदा कर्लिंगचं काय. दगड बर्फावरून पलीकडच्या टोकाच्या वर्तुळाकडे सोडायचा, दोघांनी खांद्याला खांदा लावून त्याच्यापुढे झाडू घासत पळायचं, कर्णधाराने पलीकडच्या टोकाला उभं राहून बोंबलायचं, आणि सामना संपल्यावर जिंकलेल्यांनी हरलेल्यांना एका टेबलावर बसवून पाजायचं. यातलं एकही काम आरोग्य खात्याला पसंत पडेना. झाडू एकानेच मारा, टेबलं उचला आणि ओरडू नका, असं फर्मान आलं.

क्लबची सभा बेसबॉलच्या मैदानावर भरली. ज्याने त्याने आपापली खुर्ची आणली होती आणि इतक्या लांब लांब मांडली होती, की वाटावं सगळ्यांचं सगळ्यांशी भांडण झालंय. अध्यक्ष मर्विन थोर्सन (तोच, ज्याला तू शाळेत बर्फाच्या ढिगात पुरला होतास; पुरेसा खोल पुरला नाहीस) म्हणाला, "आठ संघ झाले तरच बर्फाचं यंत्र चालू करायचं. सात झालेत. आठवा नेटीबाईंचा, आणि घोडं तिथेच अडलंय. त्या ओरडल्या की धान्याच्या कोठारावरची कबुतरं उडतात. साध्या माणसाची थुंकी दोन मीटर जाते म्हणे. यांची शेजारच्या मॅनिटोबा प्रांतात जाईल. त्यापेक्षा फक्त यंदापुरता क्लब बंद ठेवू."

दादा, हे 'फक्त यंदापुरता' माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. फेअरहोमचा क्लबही फक्त यंदापुरताच बंद केला होता. आता तिथे ट्रॅक्टर ठेवतात. आपलं यंत्रही म्हातारं आहे, एक हिवाळा गप्प बसलं की पुन्हा बोलायचं नाही. आणि इथला हिवाळा तू विसरला असशील, पण मी नाही. गुरुवारचा खेळ नसेल तर नोव्हेंबर ते मार्च मला या घरात वॉल्टरशिवाय दुसरं माणूस दिसणार नाही. मी ताडकन उठले आणि म्हटलं, "यंदा मी बर्फावर तोंडातून अवाक्षर काढणार नाही." (कबुतरं उडाली.) लोक इतके हसले, की खुर्च्या करकरल्या. मर्विन म्हणाला, "ऑगस्टअखेर पुन्हा सभा घेऊ. तोवर खात्री पटवा."

मी दुसऱ्या दिवसापासून सरावाला लागले. हात वर केला की घासा, खाली केला की थांबा, मनगट फिरवलं की जीव तोडून घासा. पहिल्यांदा वॉल्टरवर प्रयोग केला. तो धान्याचा ट्रक मागे घेत होता, मी नुसत्या हातांनी दिशा दाखवली, आणि आमच्या लग्नानंतर प्रथमच तो ट्रक कुंपणाला न लागता आत गेला. माझं शिकवणं किती चांगलं आहे हे मला तेव्हाच कळलं. गुरांना मात्र ते कळलं नाही. वासरं कोबीच्या वाफ्यात शिरली तेव्हा मी ओठ गच्च मिटून दोन्ही हात वर-खाली करत, मनगटं फिरवत त्यांच्यामागे धावले. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहत कोबी संपवला. शेजारच्या फिलोमेनाने हे रस्त्यावरून पाहिलं, हाका मारल्या, आणि मी (शब्द दिला होता ना!) उत्तर म्हणून नुसतेच हात हलवले. तिने गाडी पिटाळली आणि तासाभरात गावभर झालं, की ताप नेटीच्या मेंदूत गेलाय आणि तिची वाचा बसलीय.

दुपारी आरोग्य खात्याची परिचारिका ब्रॉन्विन डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दारात हजर. मी बोलून खुलासा करणार होते, पण मग म्हटलं, आज मौनाचा उपास मोडायचा नाही. तिने मला पायरीवर बसवलं आणि ती लांब कापूसकाडी माझ्या नाकात घातली. दादा, ती काडी नाकात थांबत नाही. ती वर जाते, वळते, लहानपणच्या आठवणींना टोचते. डोळ्यांतून धारा लागल्या, मी वॉल्टरच्या मांडीत नखं रुतवली, पण हूं की चूं केलं नाही. (वॉल्टर ओरडला.)

अहवाल येईपर्यंत मला वाळीत टाकलं होतं, पण प्रेमाने. चर्चच्या बायकांनी फाटकाशी कोबीच्या पानातल्या भाताची इतकी भांडी आणून ठेवली, की वासरांनी खाल्लेला कोबी सव्याज परत आला. मला काहीच झालेलं नाही असा अहवाल आल्यावर एकदोघींनी भांडी जरा नाराजीनेच परत नेली.

ऑगस्टअखेरची सभा भरली. मर्विनने विचारलं, "काय, पटली का कुणाला खात्री?" तेव्हा बाकावरून ब्रॉन्विन उठली. म्हणाली, "या उन्हाळ्यात मी चार गावांची नाकं तपासली. धट्टेकट्टे शेतकरी किंचाळले. थोर्सनसाहेब, तुम्ही तर आईला हाक मारलीत. नेटीबाईंनी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही. ही बाई नको असेल, तर गावात कुणालाच खेळायला देऊ नका." मर्विन असा लाल झाला, की मला त्याची थोडीशी कीव आली. थोडीशीच. हात वर झाले, आठ संघ झाले आणि सप्टेंबरअखेर यंत्र घरघरलं. तो आवाज ऐकून मी क्लबच्या दारातच रडले, हे तुला सांगायला लाज वाटत नाही.

परवाच्या गुरुवारी पहिला सामना झाला, तोही मर्विनशीच. शेवटचा दगड आमचा. फिलोमेनाने एकटीने झाडू घासला आणि मी हात वर धरून, मनगट फिरवत, ओठ चावत उभी राहिले. त्या दगडाने मर्विनचा दगड अलगद बाहेर ढकलला आणि स्वतः वर्तुळाच्या मधोमध बसला. इतकी शांतता होती, की मर्विनने काय शिवी दिली ती सगळ्यांना ऐकू आली. टेबलं नव्हती, म्हणून ट्रकांच्या मागच्या फळ्या उघडून कुडकुडत बसलो आणि मी हरलेल्यांना व्हिस्की पाजली. मर्विनने माझ्या नावाने पेला उंचावला. एवढा गोड सामना मी आजवर खेळले नव्हते.

वहिनीला सप्रेम नमस्कार, तुझ्या जर्दाळूच्या झाडाला माझी आठवण.

तुझी विजयी बहीण,
नेटी

ता. क. घरी येताना वॉल्टरला (तोही माझ्याच संघात) म्हटलं, माझं ओरडणं न ऐकताही किती छान खेळलात. तर म्हणतो, "त्यात नवीन काय? बर्फावर मी कानातलं यंत्र कायम काढूनच ठेवतो. आम्ही सगळे तुझ्या हाताकडेच बघतो. ओरडायचीस ते दगडासाठी, असं आम्ही समजत होतो." मी अजून त्याच्याशी बोललेले नाही.

ता. क. दुसरा: वॉल्टरच्या पाठीत उसण भरलीय आणि आमच्या संघात चौथा नाही. तू ये. तळघरातली खोली चुन्याने रंगवलीय, पंधरा दिवस वेगळं राहायला उत्तम आहे. आता इथे कुणी ओरडत नाही.

ता. क. तिसरा, वॉल्टरच्या हातचा: ओरेस्टभाऊ, बर्फावर ती ओरडत नाही हे खरं आहे. अबोला संपला, की उरलेलं सगळं ओरडणं घरी आणते. दुसऱ्या ता. क.मध्ये 'आमच्या संघात चौथा नाही' लिहिलंय, पण मला तुम्ही घरातला तिसरा म्हणून हवे आहात. लवकर निघा, कानातल्या यंत्राचा आणखी एक संच मी पाठवतो. तो काढून ठेवायला बरा पडतो.